तांबड्या दिव्याचें निदान

शाळेंत असतांना मला एक खोड होती. एखाद्या मुलाचें उत्तर चुकलें, तर नुसता ‘चूक’ असा शेरा मारून मी पुढें जात नसें. तें कोणत्या पायरीवर चुकलें हें त्याच्याच तोंडून वदवीत असें. मुलांस ती खोड आवडत नसे, आणि तास संपल्याची घंटा मला आवडत नसे. निवृत्तीनंतर हा जाच घरच्या मंडळींस सोसावा लागतो. गेल्या महिन्यांत मात्र तो एका मोटारीच्या वांट्यास आला. त्या प्रकरणांत शेवटीं कोण चुकलें हेंही निघालें, आणि तें माझ्या दृष्टीनें फारसें सुखावह नव्हतें. तरी तो वृत्तान्त या सदरांत सांगणें मला प्राप्त आहे.

मोटारीचें यंत्र मला कळतें असा माझा दावा नाहीं. मला ती चालवितांही येत नाहीं. परंतु चालकाच्या डावीकडील जी पुढची जागा, ती वडीलकीच्या मानानें बहुधा माझ्याकडे असते, आणि प्रस्तुत हकीकत नेमकी त्याच जागेची आहे.

आमच्या घरीं थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं सात माणसें, आणि मोटार एक. सगळींच एकदम निघालीं असें क्वचितच होतें, तरी कोणी कोठें बसावयाचें हें ठरून गेलेलें आहे. पुढें डावीकडे मी, आणि माझ्या मांडीवर चार वर्षांचा धाकटा नातू. त्याला समोरचा सगळा रस्ता दिसतो, आणि त्याच्या प्रश्नांस उत्तरें देतां देतां मलाही वेळेचें भान राहत नाहीं. वहिनी बरोबर असल्या म्हणजे ती जागा त्यांची. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांना पाय लांब करून बसावें लागतें.

संकष्टीस थेऊरला जाण्यासाठीं आम्ही निघालों होतों. चिरंजीवांनीं किल्ली फिरवितांच समोरच्या पट्टीवर नेहमींप्रमाणें सगळे दिवे लागले. ते तसे लागतात आणि कांहीं सेकंदांत मावळतात. गाडी स्वतःची तपासणी करते ती हीच. त्या दिवशीं एक तांबडा दिवा मावळला नाहीं. त्यावर बसलेल्या माणसाची बारीकशी आकृति आणि तिच्या छातीपुढें एक वर्तुळ असतें. तें वर्तुळ म्हणजे एअरबॅग. हा दिवा किल्ली फिरविल्यावर सुमारें सहा सेकंदांनीं विझला नाहीं, तर त्याचा अर्थ असा कीं, अपघाताच्या वेळीं ती पिशवी उघडेल याचा भरंवसा धरूं नये. कांहीं बिघाडांत गाडीचा मेंदू एकाच पिशवीचा मार्ग बंद ठेवतो, कांहींत सगळ्यांचा. यांपैकीं कोणता प्रकार आहे हें दिवा सांगत नाहीं. आम्ही त्या दिवशीं बसनें थेऊरला गेलों.

येथें एक खुलासा अवश्य आहे, कारण आमच्याच घरांत दोन दिव्यांचा घोटाळा होत असे. दुसरा एक दिवा सीटबेल्टचा असतो, आणि त्याच्या जोडीला घंटा वाजते. उन्हाळ्यांत मंडईंतून दोन मोठीं कलिंगडें आणून सूनबाईंनीं पुढच्या आसनावर ठेविलीं, तेव्हां घरापर्यंत ती घंटा वाजत राहिली होती. त्यांत दोष कांहींच नव्हता. आसनावर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाहीं एवढेंच गाडीस कळत होतें, आणि कलिंगडानें पट्टा लावला नाहीं हें खरेंच होतें. हा घंटेचा दिवा निराळा आणि एअरबॅगचा निराळा. पहिला माणसाची चूक दाखवितो, दुसरा यंत्राची.

दुसऱ्या दिवशीं किल्ली फिरविल्यावर तांबडा दिवा आपोआप विझला. घरांत समाधान झालें. तिसऱ्या दिवशीं तो पुन्हां लागला, आणि मग निदानास आरंभ झाला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “माझा हाच दिवा दोन वर्षें पेटलेला आहे, गाडी कधीं अडली नाहीं.” तें खरें असेल, परंतु एअरबॅग ही गाडी चालण्यासाठीं नसतेच, त्यामुळें ती बिघडल्यानें गाडी अडण्याचें कारण नाहीं. छत्री घरीं विसरली म्हणून चालण्यास हरकत येत नाहीं. पाऊस आला म्हणजे येते.

चिरंजीव हिंजवडीस नोकरीला आहेत. त्यांनीं आंगठ्याएवढें एक यंत्र मागविलें, तें स्टिअरिंगखालच्या खोबणींत बसविलें आणि मोबाइलवर पाहिलें. ‘दोष नाहीं’ असें उत्तर आलें, आणि दिवा समोर पेटलेलाच! मागाहून कळलें कीं, हीं स्वस्त यंत्रें बहुधा इंजिनाचे आणि धुराचे दोष तेवढे वाचतात. त्या दोषांचे क्रमांक ‘पी’ या अक्षरानें सुरू होतात. एअरबॅगचे ‘बी’नें, आणि ते निराळ्या पेटींत साठविलेले असतात. गणिताचा पेपर इतिहासाच्या परीक्षकाकडे पाठवावा, आणि त्यानें ‘सनावळींत चूक नाहीं’ असा शेरा द्यावा, तसें तें झालें.

मग गाडी शहरांतील एका मोठ्या गॅरेजांत नेली. तेथील तरुणानें योग्य तो स्कॅनर लावला आणि पडद्यावरील वाक्य वाचून दाखविलें: पुढच्या डाव्या आसनाच्या सेन्सरचें सर्किट सदोष. एवढ्यावरून त्यानें ठरविलें कीं, सेन्सर गेला. तो गादीबरोबरच येतो, सबब गादीसकट बदलावा लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून चिरंजीवांनीं माझ्याकडे खुर्ची सरकविली. आसनाखालीं वांकून मात्र कोणीही पाहिलें नाहीं. दुसऱ्या एका ठिकाणचा कारागीर अधिक व्यवहारी निघाला. “काका, कशाला एवढा खर्च? एक छोटा रेझिस्टर टाकतों, दिवा बंद होऊन जाईल,” असें तो म्हणाला. म्हणजे सेन्सरच्या जागीं एक खोटा साक्षीदार उभा करावयाचा, आणि त्यानें मेंदूस ‘सर्व ठीक आहे’ असें सांगत राहावयाचें.

ही बुद्धि त्या एकट्याची नव्हे. पट्टा न लावतां घंटा बंद पडावी म्हणून बकलांत खुपसावयाचे धातूचे खोटे तुकडे आपल्या देशांत राजरोस विकले जात होते. २०२३ च्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पांच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांस ते काढून टाकण्याचा हुकूम दिला, तेव्हां सुमारें १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. गजराचें घड्याळ उशीखालीं दाबणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले बरेचसे पुढें मोटारी घेतात असें दिसतें.

माझ्या मनांत मात्र पहिल्या गॅरेजांतील वाक्य घोळत होतें. पडद्यानें ‘सर्किट सदोष’ म्हटलें होतें; ‘सेन्सर गेला’ हें त्या तरुणाचें अनुमान. तर्कसंग्रहाचें पहिलें पुस्तक हातीं घेणाऱ्यासही धूर आणि अग्नि यांचा दृष्टान्त ठाऊक असतो. धुरावरून अग्नि ठरवितां येतो, कारण अग्नीवांचून धूर नाहीं. पण सेन्सर शाबूत असूनही हाच दोष दिसूं शकत असेल, तर तो हेतु सव्यभिचार झाला. त्यावरून सेन्सरास दोषी ठरवितां येत नाहीं. सेन्सरापासून मेंदूपर्यंत वायर आहे, वायरीस जोड आहे, जोडांत टोकें आहेत. यांतील कोणीही गुन्हेगार असूं शकतो.

म्हणून मीं एक वही केली. तारीख, पुढें कोण बसलें, आसनावर काय ठेविलें, आसन पुढें होतें कीं मागें, पाऊस किंवा ओल, आणि शेवटीं दिवा, असे रकाने आंखले. घरांत थट्टा झाली. हजेरीपट सुटला तरी मास्तर सुटत नाहींत, असें आमच्या घरांतून ऐकावें लागलें. पंधरा दिवसांत दिवा पांच वेळां लागला. त्यांपैकीं तीन वेळां पुढें वहिनी बसलेल्या होत्या. झालें! वहिनींच्या वजनामुळें सेन्सर दबला, असा निकाल मंडळींनीं देऊन टाकला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्यानंतर ‘मला गुडघ्यांमुळें जमणार नाहीं’ असें सांगून त्या दोनदां घरींच राहिल्या, आणि तें कारण खरें नव्हतें हें मला समजलें.

अन्वय पाहिला म्हणजे व्यतिरेकही पाहावा लागतो. जेथें कारण तेथें कार्य एवढें पुरत नाहीं. जेथें कारण नाहीं तेथें कार्यही नाहीं, असें दिसावें लागतें. चवथ्या वेळीं दिवा लागला तेव्हां आसन रिकामें होतें; नुकताच गाडीचा केर काढला होता. पांचव्या वेळीं पुढें मीच होतों, आणि मागें बसलेल्या नातीनें पाय आंखडतात म्हणून माझें आसन पुढें सरकवावयास लाविलें होतें. उलटपक्षीं, एके दिवशीं वहिनी लक्ष्मी रस्त्यापर्यंतच जावयाचें म्हणून आसन न सरकवितां बसल्या, आणि दिवा लागला नाहीं. पाऊस पडला त्या दोन दिवसांतही लागला नाहीं. तेव्हां माणूस, वजन आणि ओल हीं तिन्हीं सुटलीं. उरलें तें आसनाचें सरकणें. केर काढतांना सूनबाईंनीं आसन शेवटपर्यंत मागें ढकललें होतें, हें विचारल्यावर कळलें.

एवढी वही घेऊन मी वारज्याकडे एका लहानशा गॅरेजांत गेलों. गॅरेज माझ्या जुन्या विद्यार्थ्याचें आहे. संस्कृतांत त्याला कधीं चाळीसांवर गुण पडले नाहींत. त्यानें वही उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाला, “सर, असं लिहून आणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळतंय. निम्मं काम झालं.” नंतर त्यानें जें केलें तें मी जवळ उभा राहून पाहिलें.

प्रथम त्यानें स्कॅनर लावून दोषाचे क्रमांक कागदावर उतरून घेतले. कित्येक जण आधीं ते पुसतात, म्हणजे पुरावाच जातो. त्यांतील एक दोष ‘चालू’ नव्हता, ‘पूर्वीं झालेला’ होता. म्हणजे येणारा आणि जाणारा. जळालेला सेन्सर असा येजा करीत नाहीं, हें त्याचें पहिलें अनुमान, आणि माझ्या वहीशीं तें जुळलें. मग त्यानें किल्ली काढली, बॅटरीची ऋण वायर सोडली आणि स्वस्थ बसला. चिरंजीवांस घाई होती. तो म्हणाला, “दादा, बॅटरी काढली तरी पेटींत थोडी वीज साठलेली असते, गाडी बंद पडली तरी अपघातांत पिशवी उघडावी म्हणून. पुस्तकांत मिनिट-तीन मिनिटं सांगतात, मी दहा थांबतों.” चिरंजीवांनीं आपला मल्टीमीटर पुढें केला, तोही त्यानें परत दिला. एअरबॅगच्या पेटवणीस साधा मीटर लावूं नये. मीटरमधील अल्पशी वीजही ती पेटविण्यास पुरी पडूं शकते.

दहा मिनिटांनीं त्यानें आसन पुढें सरकविलें आणि बॅटरीच्या उजेडांत खालीं पाहिलें. तेथें पिवळ्या रंगाचे कपलर असतात. गाडींतील सुरक्षेच्या वायरींचा रंग बहुधा पिवळाच ठेवतात; इतर वायरींस हात लावणाऱ्यानें येथें थबकावें हा हेतु. आमच्या गाडीच्या आसनाच्या पाठींतही एक पिशवी आहे, तिची वायर त्याच वाटेनें जाते. तो कपलर उघडला कीं आंतील धातूची एक पट्टी त्या पिशवीचीं दोन्ही टोकें आपसांत जोडून टाकते, म्हणजे अंगावरील स्थिर विजेनें ती भलतीकडे पेटूं नये. एवढासा प्लॅस्टिकचा तुकडा, परंतु कोणीतरी किती पुढचा विचार केला आहे!

सेन्सरचा कपलर अर्धवट निसटलेला होता. वायर धरून ठेवणारी क्लिप तुटलेली होती, आणि आसन मागें गेलें कीं वायर ताणली जाऊन आंतील टोक किंचित् सुटत होतें. क्लिप कशानें तुटली हें पाहण्यासाठीं त्यानें आंत हात घातला आणि एक वस्तु बाहेर काढली. ती माझी घडीची छत्री होती. गेल्या पावसाळ्यांत ती हातीं लागेल अशी असावी म्हणून मीं आसनाखालीं सारली होती, आणि नंतर ती हरवली असें समजून दुसरी विकत घेतली होती. तिची वांकडी मूठ वायरींत अडकली होती.

मी कांहीं बोललों नाहीं. तोही बोलला नाहीं. जुना विद्यार्थी शहाणा असतो.

दुरुस्ती थोडक्यांत आटोपली. वायर सोलून पिळणें आणि वर चिकटपट्टी गुंडाळणें हें त्यानें केलें नाहीं. या वायरींत रोध थोडासा बदलला तरी मेंदूस तो दोष वाटतो. टोक जागीं बसविलें, कपलर ‘टक्’ असा आवाज येईतों दाबला, नवी क्लिप लाविली. बॅटरी जोडून त्यानें बाहेर उभें राहूनच किल्ली फिरविली. दिवा लागला आणि सहा सेकंदांनीं विझला. वैद्यकांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत, त्यांत उपशय हें एक: औषधानें बरें वाटलें तर रोग तोच. पण तो एवढ्यावर थांबला नाहीं. आसन दहा वेळां पुढेंमागें सरकविलें, वायर हलवून पाहिली, मग आसनावर स्वतः बसला, उठला, आणि प्रत्येक वेळीं पडद्यावर ‘रिकामें’ आणि ‘भरलेलें’ अशी नोंद बदलते कीं नाहीं हें पाहिलें. मगच जुने दोष पुसले.

तो चहा मागवीत असतांना मीं सेन्सर कसा असतो हें विचारलें. आमच्या गाडींतील सेन्सर म्हणजे गादीच्या कव्हराखालीं पसरलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद आहे. त्यांत ठिकठिकाणीं दाबाचे ठिपके आहेत. वजन पडलें कीं रोध बदलतो. याच कारणानें गादी साबणपाण्यानें भिजवून धुऊं नये, आणि तिच्यावर गुडघ्यानें उभें राहूं नये. पाठींत पिशवी असेल तर वाटेल तें जाड कव्हरही चढवूं नये. पिशवी तें फाडून बाहेर येणार कशी?

मग मीं सहज विचारलें, “म्हणजे माझ्या मांडीवर नातू असला, तर या सेन्सरास लहान मूल आहे हें कळतें, आणि तो पिशवी जपून उघडतो, असेंच ना?”

त्यानें कप खालीं ठेविला. “सर, नाही. हा फक्त पट्ट्याची घंटा वाजवतो. पिशवी उघडायची की नाही, ते हा ठरवत नाही. तुम्ही नातवाला पुढं घेऊन बसता?”

त्याचा तो प्रश्न माझ्या कानांत अजून आहे. पिशवी उघडणार नाहीं या भीतीनें मीं पंधरा दिवस वही लिहिली. दिवा विझला असेल त्या दिवशीं निर्धास्तपणें नातवास मांडीवर घेऊन बसलों. ती पिशवी उघडेल ही भीति मला शिवलीही नव्हती.

एअरबॅग फुगते ती सुमारें तीस मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभर भागांपैकीं तिनांत. आपल्या पूर्वजांनीं पापणी लवण्यास निमिष म्हटलें. निमिषाच्या आंत तिचें काम आटोपलेलें असतें. पट्टा लावून मागें टेकून बसलेल्या प्रौढ माणसास ती झेलते. परंतु मांडीवरील मूल पिशवीच्या तोंडाशीं असतें, आणि तिचा पहिला फटका त्याच्या डोक्यास व मानेस बसतो. मागून वडील माणसाचा भार येतो तो निराळाच. २०२४ च्या डिसेंबरांत नवी मुंबईंत वाशी येथें पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गाडीस धडक बसून एअरबॅग उघडल्यानें दगावला. त्याच वर्षीं केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांत आईच्या मांडीवरील दोन वर्षांचें मूल असेंच गेलें. मीं हीं दोन्ही वृत्तें त्या वेळीं वर्तमानपत्रांत वाचलीं होतीं, हळहळलों होतों, आणि आपल्या मांडीशीं त्यांचा संबंध जोडला नव्हता.

अमेरिकेनें हा धडा आधींच घेतला आहे. तेथें १९९० नंतर हलक्या अपघातांत केवळ एअरबॅगच्या माऱ्यानें २९० हून अधिक माणसें दगावल्याची नोंद झाली. त्यांतील बहुतेकांनीं पट्टे लावले नव्हते किंवा नीट लावले नव्हते, आणि पुष्कळशा गाड्या १९९८ पूर्वींच्या होत्या. त्यावर तेथील सरकारनें २००३ च्या सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्यानें नवा नियम लागू केला. तेव्हांपासून तेथील गाड्यांच्या पुढच्या आसनांत खरोखर तोलणारा सेन्सर असतो. कांहींत आसनाच्या चौकटीस ताण मोजणारे कांटे, कांहींत गादीखालीं द्रवानें भरलेली पिशवी. बसणारा लहान आहे असें ठरलें कीं एअरबॅग बंद राहते आणि तसा दिवा लागतो. परदेशीं असलेल्या भाच्या-पुतण्यांच्या गाडींत आपण असा दिवा पाहतों, आणि इकडच्या गाडीसही तीच अक्कल असेल असें गृहीत धरतों. माझ्या चुकीचें मूळ बहुतेक येथेंच आहे.

आपल्याकडे पुढच्या दोन्ही आसनांस पट्ट्याची घंटा आणि चालकास एअरबॅग २०१९ च्या १ जुलैपासून सक्तीची झाली; डाव्या आसनाच्या एअरबॅगेची सक्ति नव्या मॉडेलांस २०२१ च्या १ एप्रिलपासून, आणि आधींच्या मॉडेलांस मुदत वाढत वाढत त्या वर्षाच्या अखेरीस. घंटेचा नियम ज्या एआयएस १४५ या मानकांत आहे, तें प्रसिद्ध करणारी संस्था म्हणजे १९६६ सालीं स्थापन झालेली आपली एआरएआय. कोथरुडच्या बाजूनें वेताळ टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यांना तिचें कुंपण पाठ आहे. मीही तेथून शेंकडों वेळां गेलों असेन. आंत माझ्याच आसनाचा विचार चालला असेल, हें कधीं मनांत आलें नाहीं.

आपली गाडी कोणत्या जातीची हें ठरविण्याचा खात्रीचा मार्ग एकच: गाडीबरोबर आलेलें माहितीपुस्तक. कांहीं गाड्यांत डाव्या एअरबॅगेस किल्लीनें बंद करण्याची सोय असते. बाळाची उलट्या तोंडाची खुर्ची पुढें लावावीच लागली तर त्यासाठीं. आमच्या गाडींत ती सोय नाहीं. आणि क्वचित् दोष आसनाखालीं नसून मेंदूंतच असतो हेंही लक्षांत ठेवावें. २०२३ च्या १८ जानेवारीस मारुति सुझुकीनें १७,३६२ गाड्या एअरबॅगचा कंट्रोलर बदलण्यासाठीं परत बोलाविल्या होत्या. त्या सर्व आदल्या महिन्याच्या ८ तारखेपासून पुढच्या पांच आठवड्यांत तयार झालेल्या होत्या. दिवा लागला असतां आपल्या गाडीचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर अशा यादींत आहे काय हें पाहण्यास पैसे पडत नाहींत.

घरीं येऊन मीं प्रथम पुढच्या आसनावरची झडप खालीं ओढली. उन्हासाठीं मी ती रोज ओढतों. तिच्यावर एक चित्र आहे: मुलाची खुर्ची, समोर फुगलेली पिशवी, आणि वर आडवी तांबडी रेघ. शेजारीं बारीक अक्षरांत मजकूर. चाळीस वर्षें मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ असें सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपासून तो वीतभर अंतरावर होता.

नातवाची बदली मागें झाली, आणि तिला जोरदार विरोध झाला. त्याच्यासाठीं मुलांची पट्ट्याची खुर्ची आणली. १४ वर्षांखालील मुलास पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १,००० रुपये दंड आहे, ही गोष्ट चिरंजीवांस ठाऊक होती, मला नव्हती. मागें बसणाऱ्या मोठ्यांचे पट्टे गादीच्या फटींत गडप झालेले होते, तेही उकरून काढले. २०२२ च्या ४ सप्टेंबरास पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, त्यांत पुढचे दोघे जखमी होऊन वाचले आणि पट्टा न लावलेले मागचे दोघे गेले. मागें बसलें म्हणजे सुटलें असें नाहीं, हें सूनबाईंनीं मला सांगितलें, आणि मीं वहींत लिहून घेतलें.

वहिनींची क्षमा मागणें राहिलें होतें. छत्री त्यांच्यापुढें ठेवून मीं सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “माझ्या वजनावर आला होतात ना?” आणि छत्री उचलून कोनाड्यांत ठेवून आल्या.

पुढच्या संकष्टीस आम्ही थेऊरला निघालों. वहिनी पुढें बसल्या, पट्टा लावला, आणि आसन पार शेवटपर्यंत मागें सरकविलें. मागें नातू, नात आणि आम्ही उभयतां दाटीनें बसलेलों. सर्वांच्या माना वांकून त्या पट्टीकडे. दिवा लागला, सहा सेकंद राहिला आणि विझला.

“भाऊजी,” वहिनी मागें न वळतां म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांकडे काय पाहतां? निघूं या. चंद्रोदयाच्या आंत परत यावयाचें आहे.”